क्यूटीमध्ये दोन हँडलांचा स्लायडर: स्वतःचे कंट्रोल लिहिण्याची रीत

क्यूटी हा डेस्कटॉप प्रोग्रॅमच्या खिडक्या आणि बटणे बनवण्याचा साधनसंच. त्याच्या तयार घटकांत, म्हणजे विजेटांत, स्लायडर ही सरकपट्टी आहे, पण तिला ओढायचे हँडल एकच आहे. ग्रंथालयाच्या सूचीतून १९६० ते १९९५ या काळात प्रसिद्ध झालेली पुस्तके वेगळी काढायची असतील, तर आरंभीचे आणि अखेरचे वर्ष एकाच पट्टीवर धरता आले पाहिजे, आणि त्यासाठी तयार विजेट मिळत नाही. डेस्कटॉप प्रोग्रॅमसाठी स्वतःचे कंट्रोल लिहायला शिकणाऱ्याने हाच नमुना घ्यावा असे मी सुचवतो, कारण त्याचे चित्र थोड्या ओळींत काढून होते आणि खरे काम त्यानंतर सुरू होते. दोन्ही हँडले एकमेकांवर आली तर कोणते उचलायचे, टॅब दाबल्यावर काय व्हायचे, पडदावाचक (पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्याला दोन किमती कशा ऐकू यायच्या, हे सगळे प्रश्न या छोट्याशा पट्टीत दडलेले आहेत. चित्र काढून झाले म्हणजे कंट्रोल झाले, हा नवशिक्यांचा समज या उदाहरणात फार काळ टिकत नाही.

हा लेख सी++ आणि क्यूटी ६ धरून लिहिला आहे. क्यूटी ही नॉर्वेतल्या ट्रोलटेक या कंपनीची निर्मिती. तिची पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९५ मध्ये आली आणि सहावी मालिका डिसेंबर २०२० मध्ये. फंक्शनांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत; क्यूटीच्या दस्तऐवजात ती त्याच उच्चाराने शोधावीत. वाचकाला क्लास, वारसा आणि सिग्नल-स्लॉट यांची तोंडओळख आहे असे गृहीत धरले आहे.

आधी टाळता येते का ते पाहावे

नवे कंट्रोल लिहिण्यापूर्वी तीन सोपे मार्ग तपासावेत. केवळ रंग, कडा किंवा गोलाई बदलायची असेल तर क्यूटीची स्टाइलशीट पुरते. दोन-तीन तयार विजेटे एकत्र जोडून काम भागत असेल, उदाहरणार्थ मजकूरपेटी आणि तिच्या शेजारी कॅलेंडर उघडणारे बटण, तर एका रिकाम्या क्यूविजेटमध्ये, म्हणजे सर्व विजेटांच्या मूळ क्लासमध्ये, ती लेआउटने (विजेटांची जागा आपोआप ठरवणाऱ्या रचनेने) बसवावीत आणि बाहेरच्या जगाला एकच क्लास दाखवावा. तयार विजेटचे वागणे एखाद्या ठिकाणीच वेगळे हवे असेल, तर त्याचा वारस क्लास लिहून तेवढेच फंक्शन बदलावे.

या तिन्हींतून काम होत नसेल, तरच थेट क्यूविजेटपासून सुरुवात करावी. आपल्या उदाहरणात क्यूअॅबस्ट्रॅक्टस्लायडरचा वारसा घेण्याचा मोह होतो, परंतु त्या क्लासची सगळी रचना एकाच किमतीभोवती बांधलेली आहे. त्याच्या ‘व्हॅल्यू’ या प्रॉपर्टीला आपल्याकडे अर्थ उरत नाही, आणि वापरणाऱ्याने ती वाचली तर त्याला दोनांपैकी कोणती किंमत द्यायची हे आपल्यालाच सांगता येत नाही. ज्या वारशातून निरर्थक फंक्शने पदरात पडतात तो वारसा घेऊ नये.

किमती प्रथम, चित्र नंतर

पहिल्या दिवशी काहीही रंगवू नये. कंट्रोलच्या आत काय साठवायचे ते ठरवावे: पट्टीचे किमान आणि कमाल टोक, खालची किंमत, वरची किंमत, एका पावलाची लांबी, आणि सध्या कोणते हँडल सक्रिय आहे याची खूण. यातला एक नियम कधीही मोडता कामा नये, तो म्हणजे किमान टोक, खालची किंमत, वरची किंमत आणि कमाल टोक यांचा चढता क्रम. हा नियम माउसच्या फंक्शनात वेगळा, कीबोर्डच्या फंक्शनात वेगळा असा तपासत बसलो तर एखादी वाट उघडी राहतेच. म्हणून दोन्ही किमती एकदम घेणारे एकच फंक्शन लिहावे आणि माउस, कीबोर्ड, पडदावाचक व बाहेरचा प्रोग्रॅम या सर्वांनी त्याच दारातून आत यावे.

त्या फंक्शनाने आलेल्या किमती टोकांच्या आत बसवाव्यात, क्रम उलटा असेल तर सरळ करावा, जुन्या किमतींशी तुलना करावी आणि काहीच बदलले नसेल तर मुकाट्याने परतावे. ही शेवटची तपासणी क्षुल्लक दिसते. पण स्लायडरला जोडलेली आकडापेटी आणि त्या आकडापेटीला उलट जोडलेला स्लायडर यांचे एकमेकांना हाका मारणे तिच्यामुळेच थांबते.

सिग्नल सोडण्याच्या क्रमाकडेही लक्ष द्यावे. खालची किंमत बदलून लगेच तिचा सिग्नल सोडला आणि मग वरची बदलली, तर पहिला सिग्नल ऐकणाऱ्या स्लॉटला क्षणभर अर्धी नवी आणि अर्धी जुनी अशी जोडी दिसते. समजा निवड १९२०–१९३० होती आणि प्रोग्रॅमने ती १९६०–१९९५ केली. मधल्या क्षणी स्लॉटने दोन्ही किमती विचारल्या तर त्याला १९६० ते १९३० असे उत्तर मिळेल आणि त्यावर चालवलेली शोधाची क्वेरी रिकामी परतेल. दोन्ही किमती साठवून झाल्यावरच सिग्नल सोडावेत. प्रत्येक किमतीचा वेगळा सिग्नल ठेवायला हरकत नाही, परंतु दोन्ही किमती बरोबर नेणारा एक तिसरा सिग्नल अवश्य द्यावा, कारण बहुतेक वापरणाऱ्यांना तोच हवा असतो.

टोके बदलणारे फंक्शनही याच दारातून जावे. टोके आकुंचित झाली की किमती आपोआप आत ओढल्या जातील आणि बदल झाला असेल तर सिग्नलही जाईल. ओढत असताना सतत सिग्नल जावा की हँडल सोडल्यावर एकदाच जावा, हे वापरणाऱ्याच्या हाती ठेवावे. क्यूअॅबस्ट्रॅक्टस्लायडरमध्ये यासाठी ‘ट्रॅकिंग’ नावाची प्रॉपर्टी आहे आणि तीच पद्धत उचलावी.

आकार आणि गणित

लेआउटला आपल्या विजेटची जागा किती हवी हे साइझहिंट आणि मिनिममसाइझहिंट या दोन फंक्शनांतून कळते. ती लिहिली नाहीत तर लेआउटमध्ये विजेट शून्य उंचीचे होऊन गायब होऊ शकते, आणि नवखा प्रोग्रॅमर रंगवण्याच्या कोडमध्ये चूक शोधत राहतो. उंची ठोकून लिहू नये. ती फॉन्टच्या उंचीवरून आणि चालू स्टाइलच्या मापांवरून काढावी. आडव्या दिशेला विजेट पसरू शकते आणि उभ्या दिशेला ते ठरावीक राहते, हे साइझपॉलिसीतून सांगावे. ज्या बदलामुळे हवी असलेली जागा बदलते, त्या बदलानंतर अपडेटजॉमेट्री हे फंक्शन हाकारावे म्हणजे लेआउट पुन्हा विचारणा करतो.

किमतीवरून हँडलची जागा काढताना विजेटची पूर्ण रुंदी धरू नये. हँडलला स्वतःची रुंदी असते; त्याचा मध्य डाव्या कडेपासून अर्ध्या हँडलाइतक्या अंतरावर सुरू होतो आणि उजव्या कडेच्या तितकाच अलीकडे थांबतो. म्हणून उपयोगी लांबी म्हणजे विजेटच्या रुंदीतून एका हँडलची रुंदी वजा केलेली. खालच्या टोकापासून किंमत जितकी दूर असेल तिला उपयोगी लांबीने गुणावे, पट्टीच्या एकूण व्याप्तीने भागावे आणि अर्धे हँडल मिळवावे. व्याप्ती शून्य असण्याची शक्यता आधी हाताळावी, नाहीतर सूचीत एकाच वर्षाची पुस्तके असतील त्या दिवशी प्रोग्रॅम कोसळेल. क्यूस्टाइलमध्ये या रूपांतरासाठी दोन्ही दिशांची तयार फंक्शने आहेत, स्लायडरपोझिशनफ्रॉमव्हॅल्यू आणि स्लायडरव्हॅल्यूफ्रॉमपोझिशन. पूर्णांकांच्या पट्टीसाठी तीच वापरावीत. दशांशी किमती हव्या असतील तर मात्र स्वतः लिहावे लागते.

रंगवणे

पेंटइव्हेंट हे फंक्शन पुन्हा लिहिले की विजेटला रूप येते. त्याच्या आत क्यूपेंटर तयार करावा, प्रथम पूर्ण पट्टी, मग दोन हँडलांमधला निवडलेला भाग, मग हँडले, आणि शेवटी फोकस असेल, म्हणजे कीबोर्डच्या कळा सध्या याच विजेटकडे येत असतील, तर सक्रिय हँडलभोवतीची कडा काढावी. एवढेच.

न करण्याच्या गोष्टी जास्त आहेत. पेंटइव्हेंटमध्ये कोणतीही किंमत बदलू नये, आकार बदलू नये आणि अपडेट हे फंक्शन हाकारू नये, कारण त्यातून पुन्हा रंगवण्याची मागणी निर्माण होते आणि प्रोसेसर विनाकारण राबत राहतो. विजेटवर रंगवण्याचे काम पेंटइव्हेंटच्या बाहेरून करू नये. बदल झाला की फक्त अपडेट हाकारावे. ते ताबडतोब रंगवत नाही, मागणी नोंदवते, आणि एकापाठोपाठ आलेल्या अनेक मागण्या मिळून एकदाच रंगवले जाते. रिपेंट हे फंक्शन लगेच रंगवते, पण त्याची खरी गरज क्वचितच पडते.

रंग आकड्यांनी लिहून ठेवण्याची सवय पहिल्यापासून लागू देऊ नये. निवडलेल्या भागासाठी क्यूपॅलेटमधला ‘हायलाइट’, पट्टीसाठी ‘मिड’, मजकुरासाठी ‘विंडोटेक्स्ट’ अशा भूमिका घ्याव्यात. पॅलेटमध्ये सक्रिय विंडो, निष्क्रिय विंडो आणि बंद केलेले विजेट यांचे रंग वेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे कंट्रोल बंद केल्यावर ते करडे दिसण्यासाठी वेगळे कोड लागत नाही. वापरणाऱ्याने संगणकाची गडद मांडणी निवडली तरी भूमिका तशाच लागू पडतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर सुंदर दिसणारी आपण निवडलेली राखाडी छटा गडद मांडणीत दिसेनाशी होते, आणि जास्त कॉन्ट्रास्टची मांडणी वापरणाऱ्या मंददृष्टी व्यक्तीला तर ती कधीच दिसलेली नसते.

हँडल मूळ स्लायडरसारखेच दिसावे असे वाटत असेल, तर ते स्वतः न काढता क्यूस्टाइलऑप्शनस्लायडर भरून ते काम चालू स्टाइलवर सोपवता येते. फायदा असा की विंडोज, मॅकओएस आणि लिनक्सवर ते त्या त्या ठिकाणचे दिसते. तोटा असा की स्टाइल एका हँडलचा स्लायडर गृहीत धरते, त्यामुळे पट्टी एकदा आणि हँडले दोनदा अशी तीन वेगळी बोलावणी करावी लागतात आणि एखाद्या स्टाइलमध्ये निवडलेला भाग भलत्याच टोकापासून रंगतो. माझे मत असे की पट्टी आणि निवडलेला भाग स्वतः काढावा आणि केवळ हँडले स्टाइलकडून काढून घ्यावीत.

दाट पडद्यांवर क्यूटी ६ माप आपोआप वाढवते. आपण लिहितो ती मापे तार्किक पिक्सेलांची असतात. तिरक्या आणि गोल कडांसाठी अँटीएलियासिंग, म्हणजे कडा मऊ दाखवण्याची सोय, चालू करावे. एक पिक्सेल जाडीची सरळ रेघ त्यामुळे दोन पिक्सेलांवर पसरून पुसट दिसू लागली, तर तिचे स्थान अर्ध्या पिक्सेलने सरकवावे.

माउस

माउसप्रेसइव्हेंट, माउसमूव्हइव्हेंट आणि माउसरिलीजइव्हेंट या तीन फंक्शनांत ओढण्याची क्रिया बसते. बटण दाबलेले असेपर्यंत माउस विजेटच्या बाहेर गेला तरी इव्हेंट आपल्याकडेच येत राहतात, ही सोय क्यूटी स्वतः करते. बटण न दाबता नुसता माउस फिरवतानाही इव्हेंट हवे असतील, म्हणजे हँडलवर येताच ते उजळावे अशी इच्छा असेल, तर सेटमाउसट्रॅकिंग चालू करावे लागते. डाव्या बटणाव्यतिरिक्त इतर बटणांचे इव्हेंट नाकारावेत, म्हणजे ते वरच्या विजेटकडे जातील.

हँडल पकडताना माउसचे टोक त्याच्या नेमक्या मध्यावर क्वचितच असते. दाबल्याबरोबर माउसची जागा आणि हँडलचा मध्य यांतले अंतर साठवून ठेवावे आणि ओढताना ते वजा करावे. नाहीतर स्पर्श होताच हँडल दोन-चार पिक्सेल उडी मारते आणि नुसत्या क्लिकने वर्ष बदलते. पट्टीवर हँडल नसलेल्या जागी क्लिक झाले तर जवळचे हँडल तेथे यावे. दाबण्यापूर्वीच्या दोन्ही किमतीही जपून ठेवाव्यात, म्हणजे ओढता ओढता एस्केप दाबल्यास पूर्वस्थिती आणता येते. ही सोय फार थोडी कंट्रोले देतात, पण जी देतात ती वापरणाऱ्याच्या हाताला लगेच जाणवतात.

आता या कंट्रोलचा खरा पेच. दोन्ही हँडले एकाच किमतीवर आहेत आणि वापरणाऱ्याने तेथे माउस दाबला, तर कोणते पकडायचे? वर काढलेले पकडायचे, असे साधे उत्तर बहुतेक जण देतात. समजा वरच्या किमतीचे हँडल नंतर काढले जाते, म्हणून ते वर दिसते. आता दोन्ही हँडले उजव्या टोकाला नेऊन ठेवा. वरचे हँडल पकडले गेले, पण उजवीकडे जागा नाही आणि डावीकडे खालचे हँडल अडवते. खालचे हँडल तर त्याच्या आड लपले आहे. माउसने यातून सुटका नाही, कंट्रोल अडकले.

उपाय असा की दाबण्याच्या क्षणी निर्णयच घेऊ नये. दोन्ही हँडले माउसखाली आहेत एवढीच नोंद करावी आणि पहिली हालचाल दोन-तीन पिक्सेलांची होईपर्यंत थांबावे. हालचाल डावीकडे असेल तर खालच्या किमतीचे हँडल सक्रिय करावे, उजवीकडे असेल तर वरच्या किमतीचे. उजव्या टोकाला उजवीकडची हालचाल तशीही निष्फळ असते आणि डावीकडची हालचाल खालच्या हँडलला मोकळे करते. दोन किमती तंतोतंत समान नसून हँडलांची चित्रे एकमेकांवर अंशतः आली असतील, तेव्हाही हीच युक्ती चालवावी.

याला लागूनच दुसरा निर्णय येतो: ओढलेले हँडल दुसऱ्याला भिडल्यावर काय व्हावे? ते थांबू शकते, दुसऱ्याला पुढे ढकलू शकते, किंवा त्याला ओलांडून दोघांच्या भूमिका बदलू शकतात. मी थांबणारा पर्याय निवडतो. ढकलण्यात वापरणाऱ्याने काळजीपूर्वक ठेवलेली दुसरी किंमत त्याच्या नकळत हलते. ओलांडण्यात आता हातात असलेले हँडल आरंभाचे की अखेरचे हेच ओढता ओढता बदलते, आणि पडदावाचकाला ते समजावून सांगणे फार अवघड होते. थांबण्यासाठी माउसच्या फंक्शनात नवी किंमत दुसऱ्या किमतीपर्यंतच मर्यादित करून मग मुख्य दाराकडे पाठवावी.

माउसच्या चाकाबद्दल माझी सूचना आहे की ते हाताळूच नये. दोनांपैकी कोणते हँडल फिरावे हे चाकावरून कळत नाही, आणि लांबलचक फॉर्म खाली सरकवताना माउस स्लायडरवर आला की किंमत गुपचूप बदलते. व्हीलइव्हेंट न लिहिल्यास तो इव्हेंट आपोआप वरच्या विजेटकडे जातो आणि पान सरकत राहते.

कीबोर्ड आणि फोकस

क्यूविजेट मुळात फोकस घेत नाही. त्यासाठी फोकसपॉलिसी ‘स्ट्राँगफोकस’ ठेवावी, म्हणजे टॅब आणि क्लिक या दोन्ही मार्गांनी फोकस येतो. त्यानंतर कीप्रेसइव्हेंटमध्ये बाणांना एक पाऊल, पेजअप व पेजडाउनला मोठे पाऊल, होम आणि एंडला त्या हँडलला जाता येईल ती टोके असे अर्थ द्यावेत. ज्या कळा आपल्या कामाच्या नाहीत त्यांचा इव्हेंट मूळ क्लासकडे पाठवावा. हे विसरल्यास एंटर दाबून डायलॉग स्वीकारणे किंवा एस्केपने तो बंद करणे अचानक चालेनासे होते. एस्केपही आपण फक्त ओढणे चालू असतानाच गिळावे.

विजेट एक आणि हँडले दोन असल्याने टॅबचा प्रश्न उरतो. पहिल्या टॅबने आरंभाचे हँडल, दुसऱ्याने अखेरचे आणि तिसऱ्याने पुढचे विजेट, असा क्रम वापरणाऱ्याला अपेक्षित असतो. यासाठी फोकसनेक्स्टप्रीव्हचाइल्ड हे व्हर्च्युअल फंक्शन पुन्हा लिहावे: पुढे जायचे आहे आणि आरंभाचे हँडल सक्रिय आहे, तर अखेरचे सक्रिय करून ‘खरे’ परत करावे, मागे जायचे आहे आणि अखेरचे सक्रिय आहे, तर उलट करावे, अन्यथा मूळ क्लासचे फंक्शन हाकारावे. फोकसइनइव्हेंटमध्ये फोकस कशामुळे आला ते कारण मिळते. टॅबने आला असेल तर आरंभाचे हँडल आणि शिफ्ट-टॅबने मागून आला असेल तर अखेरचे सक्रिय करावे.

उर्दूसारख्या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषेत प्रोग्रॅम चालवायचा असेल, तर पट्टीही उलटी व्हावी लागते आणि डाव्या बाणाने किंमत वाढावी लागते. लेआउटची दिशा विचारून हे करता येते, आणि रूपांतराची तयार फंक्शने वापरली असतील तर त्यांना उलटेपणाची खूण देणे पुरते.

देवनागरी मजकूर

हँडलांच्या वर वर्ष लिहायचे असेल तर मराठी प्रोग्रॅमात ते देवनागरी अंकांत यावे. क्यूलोकेलला मराठी भाषा आणि भारत देश सांगून त्याच्या टूस्ट्रिंगने संख्या लिहून घ्यावी. अंक बदलण्यासाठी स्वतः तक्ते बनवू नयेत. क्यूलोकेलने केलेले रूपांतर आपणहून हजारांच्या जागी स्वल्पविराम घालते, आणि १,९६० असे वर्ष कोणी लिहीत नाही, म्हणून गटवारी वगळण्याचा पर्याय लावावा.

लेबलाची जागा मोजताना ‘०’ या अंकाची रुंदी चारने गुणण्याचा मार्ग टाळावा, कारण प्रत्येक फॉन्टमध्ये सर्व अंक समान रुंदीचे असतीलच असे नाही. पूर्ण मजकूर क्यूफॉन्टमेट्रिक्सकडे देऊन त्याची रुंदी विचारावी. उंचीच्या बाबतीत लॅटिन लिपी धरून लिहिलेले कोड हमखास फसते: इंग्रजी अक्षरे नेमकी बसतील अशी चौकट ठेवली की ‘र्की’ मधला रफार वर कापला जातो आणि ‘कू’ चा उकार खाली. फॉन्टची पूर्ण उंची घेऊन वर-खाली थोडी मोकळी जागा ठेवावी. चाचणीसाठी ‘तुर्की’, ‘मूर्ती’, ‘ट्रॅक्टर’ असे शब्द वापरावेत, ‘अबक’ नव्हे.

मजकूर एकेक अक्षर सुटे करून कधीही रंगवू नये. जोडाक्षरे आणि वेलांट्या यांची मांडणी अख्खा शब्द हाती आल्यावरच ठरते. ‘कि’ मधली वेलांटी साठवणीत ‘क’ नंतर असते आणि दिसते ‘क’ च्या आधी. मजकूर जागेत मावत नसेल तर एलायडेडटेक्स्ट वापरावे. मराठी टाइप करता येईल अशी मजकूरपेटी पहिल्यापासून लिहिण्याचा विचार तर मनातून काढून टाकावा. इनपुट मेथड, जोडाक्षरातून कर्सर सरकणे, बॅकस्पेसने फक्त मात्रा जाणे, निवड आणि पूर्ववत करणे हे सगळे क्यूलाइनएडिटमध्ये आधीच आहे; कंट्रोलला मजकूर घ्यायचा असेल तर ती पेटीच आत बसवावी.

पडदावाचक

आतापर्यंतचे काम डोळ्यांनी पाहणाऱ्यापुरते आहे. विंडोजवरच्या एनव्हीडीएसारख्या मोफत पडदावाचकाला आपले विजेट म्हणजे एक निनावी चौकोन असतो. क्यूअॅक्सेसिबलविजेटचा वारस क्लास लिहून, त्यात आपल्याला दोन अपत्ये आहेत असे सांगावे आणि प्रत्येक अपत्याची भूमिका ‘स्लायडर’, नाव ‘आरंभ वर्ष’ किंवा ‘अखेर वर्ष’, चालू किंमत, किमान, कमाल आणि पडद्यावरचा चौकोन पुरवावा. किंमत पुरवण्यासाठी क्यूअॅक्सेसिबलव्हॅल्यूइंटरफेस आहे. हा क्लास क्यूटीला माहीत व्हावा म्हणून इन्स्टॉलफॅक्टरीने नोंदवावा लागतो. किंमत बदलली की मुख्य दारातूनच बदलाची सूचना पाठवावी, म्हणजे बाण दाबताच नवे वर्ष उच्चारले जाते.

किमान आणि कमाल सांगताना एक बारकावा आहे. आरंभाच्या हँडलची कमाल मर्यादा पट्टीचे टोक नसून अखेरची चालू किंमत असते. पट्टीचे टोक सांगितले तर ऐकणाऱ्याला वाटते की अजून पुढे जाता येईल, आणि बाण निष्फळ का झाला हे त्याला कळत नाही.

हे सर्व जड वाटत असेल तर रचनेचा दुसरा मार्ग आहे: दोन्ही हँडले खरीखुरी छोटी अपत्य-विजेटे करावीत. मग टॅबचा क्रम आणि फोकस फुकट मिळतो आणि पडदावाचकाचे काम बरेच हलके होते. त्याच्या मोबदल्यात एकमेकांवर आलेल्या हँडलांचा माउस-पेच पालक विजेटकडे नेऊन सोडवावा लागतो. मोठ्या प्रोग्रॅमात मी हाच मार्ग घेईन. शिकताना मात्र एकच विजेट बरे, कारण प्रत्येक गोष्ट डोळ्यांसमोर घडते.

इतर संचांत हेच काम

विंडोज फॉर्म्समध्ये पेंटइव्हेंटच्या जागी ऑनपेंट आणि अपडेटच्या जागी इनव्हॅलिडेट असते. तेथे लुकलुक टाळण्यासाठी डबलबफर्ड ही प्रॉपर्टी चालू करावी लागते, जे क्यूटी स्वतःच करते. डब्ल्यूपीएफमध्ये ऑनरेंडर आणि मेझरओव्हरराइड, जीटीके ४ मध्ये स्नॅपशॉट आणि मेझर. नावे बदलतात, मात्र एकाच किमतीवर आलेल्या दोन हँडलांचा पेच तसाच राहतो.

तपासणी आणि डिझायनर

क्यूटेस्टच्या साहाय्याने माउस दाबणे, सरकवणे आणि कळा दाबणे प्रोग्रॅममधून करता येते, आणि क्यूसिग्नलस्पाय किती सिग्नल सुटले ते मोजतो. पहिली चाचणी दोन्ही हँडले उजव्या टोकाला ठेवून डावीकडे ओढण्याची असावी. दुसरी, तीच किंमत पुन्हा दिल्यावर एकही सिग्नल न सुटण्याची. तिसरी, किमान आणि कमाल समान असताना रंगवण्याची. पडदा नसलेल्या सर्व्हरवर या चाचण्या ‘ऑफस्क्रीन’ प्लॅटफॉर्म निवडून चालवता येतात. दृष्टीने करायची तपासणी हातानेच करावी: क्यूटी स्केल फॅक्टर हा पर्यावरण-चल १.५ ठेवून प्रोग्रॅम उघडावा, गडद मांडणी लावावी, माउस बाजूला ठेवून केवळ कीबोर्डने वर्षे निवडावीत, आणि मग एनव्हीडीए चालू करून डोळे मिटून तेच करावे.

कंट्रोल क्यूटी डिझायनरमध्ये वापरण्यासाठी फॉर्मवर साधे क्यूविजेट ठेवून ‘प्रमोट’ने आपल्या क्लासचे आणि हेडर फाइलचे नाव द्यावे. डिझायनरमध्ये ते रिकाम्या चौकोनासारखेच दिसते आणि त्याच्या स्वतःच्या प्रॉपर्टी तेथे आपोआप उमटत नाहीत, त्यामुळे टोके आणि आरंभीच्या किमती कोडमधून द्याव्या लागतात. खरे रूप आणि प्रॉपर्टी तेथेच हव्या असतील तर प्लगइन लिहावे लागते, आणि ते प्लगइन डिझायनर ज्या कंपायलरने आणि क्यूटीच्या ज्या आवृत्तीने बांधला आहे त्यांच्याशी जुळणारे असावे लागते. अन्यथा तो ते उघडतच नाही. एकाच प्रोग्रॅमात एक-दोन ठिकाणी वापरायच्या कंट्रोलसाठी एवढा खटाटोप करू नये, प्रमोट पुरेसे आहे.